घरच्या बिअरचा खर्च नेमका कुठे गळतो?

नमस्कार मंडळी! अमेरिकेतल्या आपल्या मराठी लोकांमध्ये घरी बिअर बनवणारे बरेच आहेत, आणि सगळ्यांची तक्रार एकच: "अरे, दुकानातून आणलेली स्वस्त पडते!" पडते खरी. कारण आपण सामान पुड्यापुड्यांनी आणतो.

आधी कायद्याचं उरकून टाकतो. इथे १९७८ साली जिमी कार्टरनी सही केली आणि घरी बिअर बनवायला केंद्राची परवानगी मिळाली. एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. विकायची मात्र नाही. महाराष्ट्रातून बघत असाल तर फक्त बघा. तिथे परवान्याशिवाय दारू बनवणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, घरच्यासाठी असली तरी.

आता माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले बार्लीचे दाणे. पाच गॅलनच्या, म्हणजे साधारण १९ लिटरच्या घाण्याला दहा-अकरा पौंड माल्ट लागतं. सुटं घेण्यापेक्षा ५० किंवा ५५ पौंडांचं पोतं घेतलं की दर बराच उतरतो. पण पोतं अख्ख्या दाण्याचं घ्या. न भरडलेलं माल्ट कोरड्या, थंड जागी घट्ट झाकणाच्या डब्यात वर्षभर सहज राहतं, भरडलेलं काही आठवड्यांतच शिळं होतं. म्हणजे घरी छोटी मिल हवी. ती महाग वाटते, पण तिचा खरा फायदा वेगळाच आहे. दुकानात बऱ्याचदा भरड जाड ठेवतात आणि दाण्यातली साखर पूर्ण उतरत नाही. मॅश, म्हणजे भरड गरम पाण्यात भिजवून साखर उतरवणं, पिशवीत करत असाल तर रोलरमधली फट क्रेडिट कार्डाच्या जाडीइतकी ठेवा. साखर ६५ टक्क्यांऐवजी ७५ टक्के निघाली, तर साडेअकरा पौंडांचं काम दहा पौंडांत होतं. प्रत्येक घाण्याला!

(हॉप्सचं पाकीट कॅमेऱ्याजवळ धरून) आता हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं. हे एक औंसाचं पाकीट. अशी सोळा घेतली की एक पौंड होतो, आणि पैसे पौंडाच्या पाकिटाच्या दुपटीच्या वर जातात. पौंडाचं घ्या, हवा काढून सील करा आणि फ्रीझरमध्ये टाका. आणि कडवटपणासाठी महागडे सुगंधी हॉप्स तासभर उकळू नका हो, सगळा वास वाफेबरोबर जातो. कडवटपणा येतो हॉप्समधल्या अल्फा आम्लामुळे. साझ या सुगंधी जातीत ते ३-४ टक्के, मॅग्नम या कडू जातीत १२-१४. साझचे तीन औंस लागतील तिथे मॅग्नम एक औंसाच्या आतच पुरतं. साझ शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवा.

आता यीस्ट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण साध्या बिअरमध्ये बऱ्याचदा सगळ्यात महाग वस्तू हीच असते. द्रव यीस्टचं पाकीट दहा डॉलरच्या पुढेच, आणि एकदा वापरून आपण ते मोरीत ओततो! विरजण कोणी दर वेळी विकत आणतं का? बिअर काढून घेतली की तळाशी थोडी राहू द्या, भांडं गोल फिरवा आणि तो साका निर्जंतुक केलेल्या बरणीत ओता. झाकण सैल ठेवा, आत वायू होतो, घट्ट लावलंत तर बरणी फुटेल. फ्रिजमध्ये ठेवून दोन आठवड्यांच्या आत वापरा. नेहमीच्या एल प्रकारच्या बिअरला साधारण कपभर साका पुरतो. क्रम मात्र पाळा: आधी हलकी पेल एल, मग त्याच यीस्टवर काळी स्टाउट, कडक बिअर सगळ्यात शेवटी. आठ टक्के अल्कोहोलच्या बिअरमधलं यीस्ट दमलेलं असतं, ते पुढे नेऊ नका. चार-पाच पिढ्या झाल्या, म्हणजे तेच यीस्ट चार-पाच घाण्यांना वापरून झालं, की नवं आणा. आंबूस वास आला, गुलाबी छटा दिसली, तर सरळ फेकून द्या. आणि निर्जंतुक करायच्या द्रावणात काटकसर करू नका, तिथे वाचवलेल्या डॉलरपायी अख्खा घाणा जातो.

आता आपल्या हक्काची जागा: इंडियन ग्रोसरी. बेल्जियन विटबिअरला, म्हणजे गव्हाच्या बिअरला, धणे लागतात. ब्रूइंगच्या दुकानात औंसभराला जे मोजता, जवळपास तेवढ्यातच इथे अख्खी पिशवी येते. शिवाय आपले लंबगोल धणे संत्र्यासारख्या वासाचे, बरेच अमेरिकन ब्रूअरही तेच शोधत येतात. १५-२० ग्रॅम जाडसर कुटून शेवटच्या पाच मिनिटांत टाका. बिअर हलकी करायला फ्लेक्ड राइस हवा? पातळ पोहे घ्या. तांदूळ आधीच शिजून चपटा झालेला असतो, तो थेट मॅशमध्ये जातो. पौंडभर पुरे.

बेल्जियन बिअरमध्ये घालतात ती पांढरी कँडी शुगरही सोडा, ती आपली साधी साखरच आहे. काळ्या सिरपचं तसं नाही, त्याची चव खरीच वेगळी येते, तिथे पैसे घाला. बाटल्या भरताना फेसासाठी कॉर्न शुगर १४० ग्रॅम लागत असेल तर घरची साखर १२५ ग्रॅम घ्या.

आणि वर्षाला दोनच घाणे करत असाल, तर पोतं घेऊच नका. ओळखीत अजून कोणी बनवत असेल तर एक पोतं निम्मं-निम्मं करा, मिलही एकाचीच चालेल.