पायांनी राखलेली वाट

श्रोतेहो, जपानमधल्या शरद ऋतूचे नाव काढले की मेपलची लाल पाने डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्योतोच्या मंदिरांभोवती ती तशी दिसतातही. मी आज कोयासान आणि कुमानो या तीर्थांच्या ज्या दोन वाटांविषयी बोलणार आहे, त्यांपैकी कुमानोची वाट मात्र या दिवसांतही जवळजवळ सगळी हिरवीगार असते, कारण ती सुगी आणि हिनोकी या सदाहरित वृक्षांच्या रानातून जाते. तरीही तिथे जाण्यासाठी मी शरदच निवडला. किई द्वीपकल्पात पाऊस विलक्षण पडतो. सप्टेंबरमधली वादळे ओसरून गेल्यावर ऑक्टोबरच्या अखेरीस हवा कोरडी होते, पायांखालची माती घट्ट बसते आणि थंडी अजून बोचरी झालेली नसते. चालणाऱ्याला यापेक्षा चांगले दिवस मिळत नाहीत.

ओसाकाच्या दक्षिणेला असलेल्या या डोंगराळ प्रदेशातली तीर्थे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा यांना युनेस्कोने २००४ मध्ये जागतिक वारसा ठरवले. मंदिरांच्या जोडीने त्यांच्याकडे नेणाऱ्या पाऊलवाटाही वारसा ठरल्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. इमारत कुलूप लावून जपता येते, पण वाट जपायची तर तिच्यावरून चाललेच पाहिजे, आणि चालले की ती झिजते. हा पेच तिथल्या माणसांनी शतकानुशतके कसा सोडवला, तो मध्ये कसा बिघडला आणि पुन्हा कसा हाती घेतला गेला, हे मला आज सांगायचे आहे.

सुरुवात कोयासानपासून करते. कुकाई या भिक्षूने ८१६ मध्ये सम्राटाची अनुज्ञा मिळवून, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या पठारावर शिंगोन या बौद्ध पंथाचा मठ वसवला. हा माणूस ८०४ मध्ये चीनला गेला होता, छांग-आन नगरीत मंत्रयानाची दीक्षा घेऊन परतला होता, आणि तिथे भारतीय उपखंडाच्या वायव्येकडून आलेल्या प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडे तो संस्कृत शिकला होता. हे तपशील मी आधी वाचले होते. त्यांचा अर्थ कळला तो वाटेवर.

कोयासानला आज पायथ्याहून रेल्वेने आणि केबल कारने तासाभरात पोहोचता येते. जुनी वाट डोंगराच्या पायथ्याशी, कुदोयामा गावातल्या जिसोन-इन मंदिरापासून निघते. तिचे नाव चोइशी-मिची, म्हणजे ‘चो’च्या दगडांची वाट. एक चो म्हणजे साधारण १०९ मीटर. दर चोला एक असे १८० पाषाणस्तंभ पायथ्यापासून वरच्या महास्तूपापर्यंत उभे आहेत. पूर्वी इथे लाकडी खुणा होत्या असे सांगतात. १२६५ पासून पुढच्या वीस वर्षांत त्यांच्या जागी दगड उभारले गेले, आणि त्यांतले बहुसंख्य दगड आजही तेच आहेत. पायथ्याच्या दगडावर १८० हा आकडा कोरलेला आहे आणि वर चढत जावे तसा आकडा उतरत जातो. किती चाललो यापेक्षा किती उरले, हे हे दगड सांगतात. प्रत्येक दगड गर्भधातू मंडलातल्या एकेका देवतेचा मानला जातो, त्यामुळे पूर्वीचे यात्रेकरू प्रत्येकापुढे थांबून हात जोडत आणि मगच पुढे जात.

सुरुवातीचे काही किलोमीटर वाट फळबागांमधून चढते. वाकायामा प्रांत काकी नावाच्या फळासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे हिमाचलातून जे जपानी फळ म्हणून येते, तेच हे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात झाडांवरची पाने विरळ होत होती आणि नारिंगी फळांनी फांद्या वाकल्या होत्या. अशाच एका बागेच्या बांधाला मी पहिल्यांदा एक दगड नीट, जवळून पाहिला. उंची माझ्या जवळजवळ दुप्पट. माथ्यावर पाच आकार एकावर एक कोरलेले: खाली चौकोन, त्यावर गोल, त्यावर उतरत्या छपरासारखा त्रिकोण, त्यावर अर्धगोल आणि शेवटी मण्यासारखा कळस. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश. शेवाळाखाली, छिन्नीच्या खोल घावांत, पाच अक्षरे होती. सिद्धम् ही आपल्या नागरीची जवळची बहीण असलेली लिपी मला वाचता येत नाही. पण खालून वर अ, व, र, ह, ख अशी ती पाच महाभूतांची बीजाक्षरे असतात हे मला ठाऊक होते, आणि एकदा ठाऊक असले की वळणे ओळखू येऊ लागतात. मी ‘र’वर बोट ठेवले. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या जपानी पाथरवटाने, ज्याने भारत कधी पाहिला नव्हता, ते अक्षर इतक्या निगुतीने कोरले होते की मला तिथून हलवेना.

जिसोन-इनविषयी आणखी थोडे बोलले पाहिजे. कोयासानवर स्त्रियांना बंदी होती. खुद्द कुकाईची आई मुलाला भेटायला आली, तेव्हा तिलाही पायथ्याशीच राहावे लागले, आणि मुलगा महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून तिला भेटायला येई, म्हणून गावाचे नाव कुदोयामा, म्हणजे ‘नऊ वेळांचा डोंगर’, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका गोड आहे, पण तिच्यातला अन्याय झाकला जात नाही. पुढे शेकडो वर्षे स्त्रिया डोंगराच्या कडेकडेने, झाडांच्या फटींतून कळसांचे दर्शन घेत फिरत राहिल्या. त्यांच्या पायांनी जी प्रदक्षिणेची वाट पडली, तिला आजही ‘स्त्रियांची वाट’ असेच नाव आहे. सरकारने १८७२ मध्ये अशी बंदी रद्द केली, पण डोंगरावर ती प्रत्यक्ष संपायला आणखी बरीच वर्षे लागली. याच पर्वतराजीतल्या सांजोगाताके शिखरावर ती आजही पाळली जाते, आणि मला ते पटत नाही.

कोयासानवर रात्री मंदिरातच उतरायचे असते. जेवण निरामिष असते, त्यात गोठवून वाळवलेले टोफू, म्हणजे ‘कोया-दोफू’, हमखास वाढतात. पहाटे सहाला प्रार्थना होते. मी उतरले होते त्या मंदिरात तिच्यानंतर अग्नी चेतवला गेला, समिधा पडू लागल्या, पळीने तूप सोडावे तसे तेल सोडले गेले. या विधीला ते ‘गोमा’ म्हणतात. तो आपला होम. नंतर भिक्षूंनी प्रज्ञापारमिता हृदयसूत्र म्हटले आणि शेवटी ‘ग्याते ग्याते हारा ग्याते’ असे शब्द आले, तेव्हा चिनी उच्चारांच्या पडद्याआडून ‘गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा’ स्पष्ट ऐकू आले. ओकुनोइन या दफनभूमीच्या दोन किलोमीटरच्या वाटेवर दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत, आणि तिच्या टोकाला कुकाई ८३५ पासून समाधीत बसलेले आहेत अशी श्रद्धा आहे. म्हणून त्यांच्यासाठी रोज दोन वेळा जेवण नेले जाते. भिक्षू लाकडी पेटी खांद्यावर घेऊन पूल ओलांडतात, ते मी पाहिले. बघ्यांकडे त्यांचे लक्षही नव्हते.

आता कुमानो. कोयासानहून तिथे जाणारी एक खडतर वाट आहे, सुमारे ७० किलोमीटरची. मी ती चालले नाही. मी गेले ती नाकाहेची, म्हणजे राजघराण्याची जुनी वाट. निवृत्त सम्राट शिराकावा १०९० मध्ये कुमानोला गेले, आणि त्यानंतर ही यात्रा दरबाराचा जणू नेमच झाली. गो-शिराकावा यांनी तिच्या तीसहून अधिक फेऱ्या केल्या, आणि एकेका फेरीला क्योतोहून जाऊन येऊन महिना लागे. पुढे सामुराई आले, मग शेतकरी आले. इतके आले की ‘मुंग्यांची कुमानो-यात्रा’ असा वाक्प्रचार जपानी भाषेत रूढ झाला. वाटेवर ‘ओजी’ नावाची छोटी देवस्थाने आहेत. त्यांना नव्याण्णव म्हणायची पद्धत आहे. आपण तेहेतीस कोटी म्हणतो, तसेच हेही मोजून म्हटलेले नव्हे.

ताकिजिरी-ओजीपासून होंगू या कुमानोच्या मोठ्या देवस्थानापर्यंत सुमारे ३८ किलोमीटर आहेत. मधे चिकात्सुयू गावात मुक्काम करायचा. दर ५०० मीटरला क्रमांकाचा खांब आहे, १ ते ७५. ओजीपाशी पक्ष्याच्या घरट्यासारखी लाकडी पेटी असते, तिच्यात शिक्का असतो, तो आपल्या हाताने वहीत उमटवायचा. वस्तीजवळ बिनमाणसाची दुकाने दिसतात. फळीवर संत्र्यांच्या पिशव्या, उमे नावाच्या खारवलेल्या आंबट फळांच्या डब्या आणि शेजारी पैसे टाकायचा डबा. मला ही माणसांच्या भरवशावर चालणारी दुकाने तिथल्या कोणत्याही तोरणद्वारापेक्षा कमी पवित्र वाटली नाहीत.

होंगूच्या सात किलोमीटर अलीकडे होश्शिनमोन-ओजी लागते. या नावाचा अर्थ बोधिचित्त जागे होण्याचे दार. पुढे फुशिओगामी, म्हणजे दंडवताची जागा, कारण दिवसेंदिवस चालून आलेल्यांना देवस्थानाचे पहिले दर्शन इथून होई. चहाच्या छोट्या मळ्यांमधली ही टेकडी एका कथेसाठी महत्त्वाची आहे. हजारएक वर्षांपूर्वीच्या हेइआन काळातली कवयित्री इझुमी शिकिबू इथवर पोहोचली आणि तिला मासिक पाळी आली. आता दर्शन नाही, अशा खंतीने तिने एक कविता रचली. रात्री देव स्वप्नात आला आणि म्हणाला, मी मुळातच जगाच्या धुळीत मिसळलेला आहे, मला कसला विटाळ? कथा किती जुनी आणि किती खरी, याला माझ्या दृष्टीने फार महत्त्व नाही. कोयासानने जिथे रेघ ओढली, तिथे शेजारच्या कुमानोने ही कथा सांगितली, याला महत्त्व आहे.

१२७४ मध्ये इप्पेन नावाचा भिक्षू इथे आला, तोही अशाच अडचणीत. अमिताभ बुद्धाच्या नामाच्या चिठ्ठ्या वाटताना एकाने ‘माझ्या मनात श्रद्धा उपजत नाही’ म्हणून चिठ्ठी नाकारली होती. होंगूला त्याला कौल मिळाला की श्रद्धा असो वा नसो, शुद्ध असो वा अशुद्ध, सर्वांना वाट. पुढे हा इप्पेन गावोगाव नाम घेत आणि नाचत हिंडला. परंपरेप्रमाणे ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा, आणि नामदेव तेव्हा लहान मूल होते. या दोन प्रवाहांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगते. पण पंढरीची वाट माहीत असलेल्या माणसाला ही तारीख वाचून क्षणभर थांबावेसे वाटतेच.

इथवरची गोष्ट वाट घडण्याची झाली. ती मोडली कशी, हे एकोणिसाव्या शतकात पाहावे लागते. कुमानोचे देव बुद्धांचीच रूपे मानले जात. होंगूचा देव म्हणजे अमिताभ, नाची या कुमानोच्याच दुसऱ्या देवस्थानाचा म्हणजे सहस्रभुज अवलोकितेश्वर. १८६८ मध्ये नव्या मेइजी सरकारने जपानचा मूळचा शिंतो आणि बौद्ध धर्म यांची फारकत करण्याचा हुकूम काढला आणि हजार वर्षांचा एकत्र संसार कागदावर मोडला. १८८९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. होंगूचे देवस्थान तेव्हा नद्यांच्या संगमावर ओयुनोहारा नावाच्या वाळवंटात होते. पूल नव्हता, यात्रेकरू पाण्यातून चालत जात आणि ओल्या वाहाणांनीच देवापुढे उभे राहत. त्या पुराने बहुतेक इमारती नेल्या. वरच्या खोऱ्यांतली वृक्षतोड हे त्या पुराचे एक कारण मानले जाते. उरलेल्या इमारती टेकडीवर हलवल्या गेल्या. जुन्या जागी आज गवत आहे, शांतता आहे, आणि २००० मध्ये उभारलेले सुमारे ३४ मीटर उंचीचे तोरणद्वार आहे.

तिसरा घाव १९०६ चा. गावोगावची लहान देवस्थाने मोडून मोठ्यांत विलीन करण्याचे धोरण सरकारने काढले. देवस्थान गेले की त्याच्याभोवतीची राई विकायला मोकळी होई. आपल्या कोकणातल्या देवराया आठवा म्हणजे काय जाणार होते ते कळेल. वाकायामात अनेक ओजी याच काळात पुसल्या गेल्या. याविरुद्ध उभा राहिला मिनाकाता कुमागुसू, तानाबे गावात राहणारा वनस्पती आणि लोककथांचा अभ्यासक. लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये वर्षानुवर्षे वाचन केलेला, ‘नेचर’मध्ये लिहिणारा आणि श्लेष्मकवकांसाठी (‘स्लाइम मोल्ड’साठी) रानोमाळ हिंडणारा हा माणूस होता. त्याने पत्रे लिहिली, वर्तमानपत्रांत लिहिले, १९१० मध्ये एका सभेत घुसून गोंधळ केला आणि अठरा दिवस कोठडीत काढले. त्याचे म्हणणे असे की राई तोडली की तिच्यातले जीव जातात, जीव गेले की पाणी आणि शेती बिघडते, आणि देवस्थान गेले की गाव एकत्र येण्याची जागा जाते. पर्यावरणशास्त्राचा ‘इकॉलॉजी’ हा शब्द त्याने त्या काळी आपल्या पत्रांत वापरला होता.

त्सुगिझाकुरा-ओजीपाशी त्याच्या खटपटीमुळे वाचलेले सुगी वृक्ष मी पाहिले. बाकीचे तोडले गेले, हे मोजकेच उरले. त्यांच्या साऱ्या फांद्या एकाच बाजूला, दक्षिणेला, वाढलेल्या आहेत. उत्तरेला डोंगर आहे आणि उजेड दक्षिणेकडून येतो, हे कारण उघड आहे. गावकरी म्हणतात, झाडे नाचीच्या देवाकडे हात करून आहेत. एका बुंध्याला हात लावून मी वर पाहिले. साल ओली होती आणि तिच्या खाचांत बोटभर शेवाळ होते.

या वाटेची आज देखभाल कशी होते, हे सांगून थांबते. पाऊस आणि पाय मिळून माती धुऊन नेतात, झाडांची मुळे उघडी पडतात. वारसा असल्याने सिमेंट ओतता येत नाही. म्हणून बाहेरून माती आणून भरायची, तीही माणसांनी खांद्यावरून. याला ‘मिची-बुशिन’ म्हणतात, म्हणजे वाटेची डागडुजी, आणि हा शब्द जुना आहे. मी एका गटात सामील झाले. प्रत्येकाला मातीची एक पिशवी मिळाली, ती घेऊन चढ चढलो, उघड्या मुळांभोवती माती पसरली आणि लाकडी धुमसाने ठोकली. आम्हाला शिकवणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे होते. माझा थर जरा सैल बसला होता. त्यांनी तो बुटाच्या टाचेने दाबून पाहिला, काही न बोलता धुमस माझ्या हातातून घेतला, चार घाव घातले आणि परत दिला. दुपारपर्यंत आम्ही वीसेक पावलांची वाट भरली. मी विचारले, ही किती दिवस टिकेल? ते म्हणाले, पुढच्या वादळापर्यंत. मग त्यांनी रिकाम्या पिशव्यांची घडी घातली, त्या एकीत एक कोंबल्या आणि खाली निघाले, कारण दुसऱ्या दिवशी शाळेची मुले येणार होती आणि त्यांच्यासाठी माती भरून ठेवायची होती.