नाक चोंदलेली रात्र

[दृश्य: अंधारी खोली. उशाशी घड्याळ, दोन वाजून दहा मिनिटं. कूस बदलल्याचा आवाज.]

डावी नाकपुडी बंद. उजवीतून कसाबसा श्वास चाललाय. कूस बदलली की थोड्या वेळाने डावी मोकळी होते आणि उजवी बुजते. मग पुन्हा कूस. तोंड उघडं ठेवून झोपावं तर घशाला कोरड पडते, आणि कोरड पडली की खोकल्याची उबळ येते. दिवसभर हीच सर्दी किरकोळ वाटत होती. रात्री दोन वाजता ती किरकोळ राहत नाही.

उठून जोर लावून नाक शिंकरलं. काहीच निघालं नाही.

[दृश्य: नाकाच्या आतल्या भागाचं रेखाचित्र, हळूहळू उमटत जाणारं.]

निघणार काय? नाकाच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर गादीसारखे मऊ उंचवटे असतात. त्यांच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. विषाणू आत शिरला की शरीर तिथे जादा रक्त धाडतं, उंचवटे फुगतात आणि हवेची वाट अरुंद होते. आडवं झालं की डोक्याकडचं रक्त आणखी साठतं, आणि ज्या कुशीवर झोपाल त्या बाजूची नाकपुडी आधी बुजते. म्हणजे या घडीला नाकात शेंबूड कमी आणि सूज जास्त आहे. सूज काही शिंकरून बाहेर पडत नाही. जोर लावाल तर कान तेवढे दडे बसल्यासारखे होतील.

म्हणून आजच्या रात्रीचा पहिला उपाय औषधाचा नाहीच. आणखी एक उशी घ्यायची. डोकं, मान, खांदे थोडे उंचावर. आणि शिंकरायचंच असेल तर एक नाकपुडी दाबून दुसरी, हळूच.

[दृश्य: स्वयंपाकघरातला दिवा लागतो. पाणी तापायला ठेवलं जातं.]

पाणी तापेपर्यंत एक जुनी गोष्ट.

१९४६ साली इंग्लंडमध्ये, सॉल्सबरी गावाजवळच्या एका जुन्या लष्करी इस्पितळात सर्दीवर संशोधन करणारं केंद्र सुरू झालं. तिथे दहा दिवस राहायला लोक स्वखुशीने येत. राहणं-खाणं फुकट, वर थोडा हातखर्च. बदल्यात नाकात थेंब टाकून घ्यायचे. थेंबात सर्दीचा विषाणू असायचाही, नसायचाही. मग डॉक्टर रोज तपासत, आणि कुणी किती कागदी रुमाल वापरले याची चक्क मोजदाद होई. हजारो लोक तिथे शिंकून गेले. साठच्या दशकात माणसाला सर्दी करणारा एक कोरोना विषाणू याच केंद्रातल्या शास्त्रज्ञांच्या हाती लागला. १९९० साली केंद्र बंद झालं, तेव्हा सर्दीबद्दल पुष्कळ कळलेलं होतं. सर्दी बरी करणारं औषध मात्र सापडलं नव्हतं.

ते आजही नाही. सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. त्यातल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार. एकाशी ओळख होते न होते तोच दुसरा दारात. औषध घेतलं तर आठवडा, नाही घेतलं तर सात दिवस, हा विनोद जुना झाला, तरी त्यातला हिशेब चुकलेला नाही.

आता आपल्या भाषेतले दोन शब्द जरा शेजारी ठेवून पाहा. बरं होणं, आणि बरं वाटणं. घरगुती उपायांवरचे बहुतेक वाद हे दोन शब्द एकच समजल्याने होतात. एक बाजू म्हणते, आल्याच्या पाण्याने सर्दी पळते. दुसरी म्हणते, विषाणू मरत नाही, म्हणजे सगळं थोतांड. सर्दी तिच्या वेळेनेच जाणार. पण मधल्या रात्री कशा काढायच्या, हाही प्रश्न आहेच ना?

[दृश्य: कपातून वाफ वर चढते. दोन हातांचे तळवे कपाभोवती.]

ब्रिटनमधल्या कार्डिफच्या संशोधकांनी २००८ साली अगदी हेच मोजून पाहिलं. सर्दी झालेल्या तीस जणांवर फळांच्या रसाचं पेय देऊन पाहिलं, गरम आणि खोलीच्या तापमानाचं. नाकातून हवा किती जाते ते यंत्राने मोजलं. गरम पेयाने हवा वाढली नाही. नाक होतं तितकंच बंद. पण गरम पेय पिणारे म्हणाले, वाहणारं नाक, शिंका, खोकला, घशाची टोचणी, हुडहुडी, थकवा, सगळ्यालाच उतार वाटतोय, आणि तोही लगेच. खोलीच्या तापमानाच्या पेयाने उतार पडला तो फक्त वाहणारं नाक, शिंका आणि खोकला यांना.

याला कुणी मनाचे खेळ म्हणेल. म्हणू दे. घशाची टोचणी जाणवते ती मनालाच.

मेन्थॉलची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. पुदिन्याच्या जातीतल्या वनस्पतींमधला हा पदार्थ हुंगला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात सूज तसूभरही कमी होत नाही. आपल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारे काही सूक्ष्म ग्राहक असतात, मेन्थॉल त्यांनाच चेतवतं. थंड हवा आत येतेय असा निरोप मेंदूकडे जातो आणि मेंदू सुटकेचा श्वास टाकतो. हा ग्राहक २००२ साली ओळखला गेला. ते काम करणारे डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना तापमान आणि स्पर्शाच्या संवेदनांवरील संशोधनासाठी २०२१ चं नोबेल मिळालं. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. मेन्थॉल, कापूर, निलगिरी असलेले मलम दोन वर्षांखालच्या बाळांना लावायचे नाहीत, आणि कुणाच्याही नाकपुडीच्या आत तर नाहीच.

[दृश्य: टेबलाच्या मधोमध उकळत्या पाण्याचं पातेलं. शेजारी लहान मुलाचा हात पोचेल इतक्या अंतरावर खुर्ची. दृश्य थांबतं.]

वाफारा. हा सगळ्यांचा लाडका, आणि नेमका याचाच पुरावा सर्वांत लंगडा. काही चाचण्यांत थोडा गुण दिसला, काहींत अजिबात नाही. विषाणू वाफेने मरतो हे तर कधी सिद्धच झालेलं नाही. वाफेने बरं वाटतं, शेंबूड थोडा सैल होतो, इतकंच. पण भाजण्याचे प्रसंग खरे असतात. पातेलं कलंडतं, उकळतं पाणी मांडीवर येतं, आणि बहुतेकदा मांडी लहान मुलाची असते. माझं विचाराल तर मुलांना पातेल्याचा वाफारा देऊच नये. न्हाणीघराचं दार लावून गरम पाण्याचा शॉवर सोडावा आणि मुलाला घेऊन पाण्यापासून लांब, दहा मिनिटं नुसतं बसावं. मोठ्यांनी घ्यायचाच असेल तर पातेलं टेबलावर, काठापासून आत. मांडीवर कधीच नाही.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या त्या मानाने साध्या आणि निर्धोक. पेलाभर कोमट पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ. घशाच्या सुजलेल्या अस्तरातलं पाणी मीठ ओढून घेतं, ठणका थोडा उतरतो. तासाभराने पुन्हा करावं लागतं, कारण तेवढाच त्याचा असर. जपानमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३८७ निरोगी माणसांपैकी काहींना हिवाळ्यात रोज नुसत्या साध्या पाण्याने गुळण्या करायला लावल्या. त्यांना सर्दीपडशाचा त्रास गुळण्या न करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाला. आयोडीनच्या औषधी पाण्याने गुळण्या करणाऱ्यांना मात्र तसा ठळक फायदा दिसला नाही. साध्या पाण्यानं औषधाला मागे टाकलं, हे वाचून मला अजूनही गंमत वाटते.

नाकात मिठाचं पाणी घालून नाक धुणाऱ्यांसाठी एकच वाक्य, पण ते ठासून. पाणी उकळून गार केलेलंच हवं. थेट नळाचं नको. नळाच्या पाण्यात क्वचित एक अमीबा असतो. तो पोटात गेला तर काही होत नाही, पण नाकातून वर चढला तर मेंदूपर्यंत पोचतो. अमेरिकेत लुईझियाना राज्यात २०११ साली असे मृत्यू झालेले आहेत.

[दृश्य: बरणीत चमचा बुडतो. मधाची धार लांबत लांबत, बारीक होत तुटते.]

आता ही धार पाहा. किती सावकाश पडते. खोकल्यावर मधाचा गुण बराचसा या चिकटपणातच असावा. घशाच्या मागच्या भिंतीवर त्याचा थर बसतो आणि सारखी खवखव करणाऱ्या जागेला थोडी उसंत मिळते. गोडाने लाळही सुटते. २००७ साली अमेरिकेत १०५ मुलांवर एक प्रयोग झाला. झोपायच्या अर्धा तास आधी काहींना गडद रंगाचा मध दिला, काहींना खोकल्याचं नेहमीचं औषध, काहींना काहीच नाही. सकाळी आईबापांना विचारलं, रात्र कशी गेली? मधवाल्यांची सर्वांत बरी गेली होती. पाच वर्षांनी इस्राएलमध्ये ३०० लहान मुलांवर आणखी चोख प्रयोग झाला. मध कोणता आणि मधासारखंच दिसणारं खजुराचं सिरप कोणतं, हे कुणाला कळू दिलं नाही. सुधारणा सगळ्यांत झाली, मध घेतलेल्यांत जास्त. खोकल्याला आधी मध, असं आता ब्रिटनमधल्या डॉक्टरांची अधिकृत मार्गदर्शिकाही सांगते.

चमचाभर, तसाच किंवा कोमट पाण्यातून. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावायचं नाही. मधात क्वचित बोट्युलिझमचे बीजाणू असतात. मोठ्यांचं आतडं त्यांना रुजू देत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात, विष तयार करतात, आणि बाळाचे स्नायू लुळे पडू लागतात. मध कितीही शुद्ध असला तरी हे टळत नाही.

आलं, लसूण, लिंबू? घ्या, आवडत असेल तर. आल्याची ऊब घशाला बरी वाटते. लसणाचा पुरावा इतका तुटपुंजा आहे की त्यापायी पोटाला त्रास करून घेऊ नये. क जीवनसत्त्वाचा बोलबाला झाला तो दोनदा नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांच्यामुळे. १९७० साली त्यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. पुढच्या चाचण्यांनी सांगितलं ते इतकंच, की रोज नेमाने घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी सुमारे ८ टक्क्यांनी लवकर आटपते. नाक वाहू लागल्यावर गोळ्या सुरू करून उपयोग झाल्याचं दिसत नाही.

[दृश्य: कपाळावर हात. अंगावर दोन पांघरुणं, तरी दात वाजताहेत.]

इथवर सर्दीचं बोललो. फ्लूची चाल वेगळी. सर्दी दबकत येते, घसा खवखवतो, मग शिंका, मग नाक. फ्लू येतो तो दार ढकलून. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी तापाने फणफणतो, अंग ठेचल्यासारखं दुखतं, उठून पाणी प्यायचंही त्राण राहत नाही. इथे मध आणि गुळण्या सोबतीला ठीक आहेत, पण मुख्य काम पडून राहण्याचं आणि पाणी पिण्याचं. तापात पाणी भराभर कमी होतं. लघवी गडद पिवळी होऊ लागली की समजा, आपण कमी पितोय. थोडं थोडं, घोट घोट, सूप असो वा नुसतं पाणी. ताप असह्य झाला तर पॅरासिटामॉल घ्यायला काही हरकत नाही, घरगुती उपायांची त्याने बेअब्रू होत नाही. फक्त सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही बहुधा तेच असतं, तेव्हा पाकीट वाचून घ्या, दुप्पट मात्रा पोटात जायला नको. मुलांना ॲस्पिरिन अजिबात नको.

पासष्टीच्या पुढची माणसं, गरोदर बायका, तान्ही बाळं, दमा, मधुमेह किंवा हृदयरोग असलेले, यांनी फ्लूची शंका आली की वाट पाहू नये. फ्लूवरची विषाणूविरोधी औषधं पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर जास्त उपयोगी पडतात. आणि कुणालाही धाप लागली, छातीत दुखलं, बोलणं असंबद्ध झालं, ओठ निळसर दिसले, बाळाने दूध सोडलं, किंवा ताप उतरून दोन दिवस बरे गेल्यावर पुन्हा उसळला, तर स्वयंपाकघर सोडून थेट डॉक्टर गाठायचा.

शेंबूड हिरवा झाला म्हणून मात्र धावू नका. तो रंग लढाईत उतरलेल्या पांढऱ्या पेशींमधल्या एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा आहे. एवढ्यावरून अँटिबायोटिक लागत नाही, आणि विषाणूवर ते चालतही नाही. खोकलाही लोकांच्या अंदाजापेक्षा चिवट असतो. लोकांना वाटतं आठवडाभर, फार तर नऊ दिवस. अमेरिकेतल्या संशोधकांनी अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलं, तर सरासरी निघाली १८ दिवस. दहाव्या दिवशी खोकताय म्हणजे उपाय फसला असं नाही, अजून दिवस भरायचेत.

[दृश्य: पुन्हा तीच खोली. घड्याळात तीन वाजायला आलेत. दोन उशा, रिकामा कप, चमच्याला लागलेला मध.]

कप रिकामा झालाय. नाक अजून बंदच आहे, म्हणजे एक बाजू. खोकला मात्र मघापासून आलेला नाही. दुसरी उशी मानेखाली नीट सरकवली जाते, दिवा जातो. श्वासात अजून थोडी शिटी वाजतेय.

[दृश्य: अंधार. शिटी हळूहळू संथ होत जाते, आणि मग एक घोरणं.]