वेळेचा रकाना

(पडद्यावर: जेवणाच्या टेबलावर पसरलेली छापील पाने आणि लाल पेन्सिल.)

ही यूपीआय व्यवहारांच्या तीन महिन्यांच्या उताऱ्याची तेवीस पाने आहेत, आणि हा उतारा माझाच आहे. पगार महिनाअखेरपर्यंत का पुरत नाही, या प्रश्नाला मी कित्येक वर्षे महागाई हे एकच उत्तर देत आलो होतो. त्यामुळे ही पाने छापून घेतली तेव्हाही माझी पेन्सिल आधी घरभाडे आणि शाळेची फी या मोठ्या आकड्यांकडे वळली. ते आकडे मला तोंडपाठ होते. पाठ नव्हते ते त्यांच्या मधल्या ओळींतले : ४०, ११०, २८५, ६०, ३४९.

बाहेरून मागवलेल्या खाण्याच्या एका महिन्यात एकोणीस नोंदी निघाल्या. रकमेपेक्षा त्यांच्या शेजारचा वेळेचा रकाना मला अधिक बोलका वाटला, कारण त्यांतल्या चौदा नोंदी रात्री साडेदहानंतरच्या, म्हणजे घरी जेवण झाल्यानंतरच्या होत्या. तेव्हा भुकेचा प्रश्नच नव्हता. त्या तारखा मी ऑफिसच्या कॅलेंडरशी ताडून पाहिल्या, तर बहुतेक तारखा लांबलेल्या बैठकांच्या आणि चिडचिडीच्या दिवसांच्या निघाल्या. खर्चाची सवय ओळखताना ‘किती’च्या आधी ‘केव्हा’ विचारावे, हे माझे मत त्या सकाळचे आहे.

(पडद्यावर: लग्नपत्रिकांची जुनी पाकिटे.)

आमच्या आईचा हिशेब अशा पाकिटांत असे. वडिलांचा पगार रोख हाती आला की एक तारखेच्या संध्याकाळी दूध, वाणी, भाडे, फी आणि आहेर अशी पाकिटे भरली जात, आणि एकातले पैसे दुसरीकडे वापरावे लागले तर ‘आहेरातून पन्नास घेतले’ अशी चिठ्ठी त्यात पडे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही, कारण महिनाअखेरीस चिठ्ठ्याही बऱ्याच जमत. पण पाकीट उघडताना हात क्षणभर अडखळत असे. पुढे ते अडखळणे नाहीसे झाले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी अमेरिकेतील एमआयटीच्या विद्यार्थ्यांकडून बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली मागवली, तेव्हा क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे आहेत असे सांगितलेल्या गटाची सरासरी बोली रोखीच्या गटाच्या सुमारे दुप्पट निघाली. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आले आणि २०२२ मध्ये यूपीआय लाइट, ज्यात लहान रकमेसाठी पिनसुद्धा टाकावा लागत नाही. सोय मोठी आहे, यात वाद नाही. मात्र चहाच्या टपरीवरचा स्पीकर पैसे आल्याची घोषणा टपरीवाल्यासाठी करतो. ज्याचे गेले, त्याला कोणी काही ऐकवत नाही.

क्रेडिट कार्डाच्या बिलावरील ‘किमान देय रक्कम’ या शब्दांचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. ४०,००० रुपयांच्या बिलापोटी २,००० रुपये भरले आणि दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले, तर उरलेल्या ३८,००० रुपयांवर १,३३० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे सुमारे २३९ रुपये चढतात. म्हणजे २,००० रुपये भरूनही देणे जेमतेम ४३१ रुपयांनी उतरते, शिवाय पूर्ण बिल न भरल्यामुळे नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. वर्षाला ४२ टक्के पडणारी ही थकबाकी कमी दराच्या कर्जाने फेडणे शहाणपणाचे आहे. पण त्यानंतरही तेच कार्ड खिशात राहिले, तर एकाऐवजी दोन देणी मागे लागतात, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

यावर मी पगाराचे खाते यूपीआयपासून तोडले, दुसऱ्या खात्यात दर सोमवारी ३,००० रुपये टाकायला सुरुवात केली आणि फोनमधले ॲप फक्त त्याच खात्याला जोडले. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेले कार्ड काढून टाकले, त्यामुळे आता सोळा आकडे पाहण्यासाठी उठून कपाटापर्यंत जावे लागते, आणि निम्म्या वेळा मी उठत नाही. कधीही न पाहिलेल्या दोन वाहिन्यांची वर्गणी बंद केली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापली जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. ती मी वर्षभर न वाचताच पुसत होतो. ज्यांना घेतल्यावाचून राहवतच नाही आणि आणलेल्या वस्तू घरात लपवाव्या लागतात, त्यांनी मात्र असल्या युक्त्यांवर विसंबू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

पहिल्या आठवड्यात गुरुवारीच ते खाते रिकामे झाले आणि शुक्रवारी मला डबा न्यावा लागला.

(पडद्यावर: नव्या उताऱ्याचे एक पान, वेळेच्या रकान्यावर लाल खुणा.)

तिसऱ्या महिन्यात रात्री साडेदहानंतरच्या नोंदी चौदांवरून चारांवर आल्या. त्या चारही मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या आहेत.