भिंतीवरची रोजरी

नमस्कार श्रोतेहो.

मला विषय दिलाय 'श्रद्धा, कुटुंब आणि धर्मग्राम'. विषय तीन आणि मिनिटं दहा. धर्मग्राम म्हणजे एका चर्चखाली येणारी गावं, वाड्या, आळ्या. मी वसईचा, निर्मळच्या बाजूचा. निर्मळ म्हटलं की तुमच्यातल्या बऱ्याच जणांना कार्तिक वद्य एकादशीची जत्रा आठवेल, जत्रेतली सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आठवतील. त्या जत्रेत आम्ही ख्रिस्ती पोरंही घरचंच कार्य असल्यासारखी हिंडायचो. सुकेळी घ्यायची तर सुक्या पानात बांधलेली घ्या, प्लॅस्टिकच्या डबीतली घेऊ नका. असो.

आमचा इतिहास तुम्ही शाळेत वाचलाय, पण लढाईपुरता. 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. पोर्तुगीज गेले, आम्ही राहिलो. आम्ही इथलेच, जाणार कुठे? आमच्यातलाच एक गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मला, 1597 मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मेला, 1862 मध्ये संत झाला. भारतात जन्मलेला पहिला संत. गासला त्याच्या नावाचं चर्च आहे, जरूर बघा. आमच्या घरात मात्र श्रद्धेचं खातं आजीकडे होतं.

आजीचं अर्धं आयुष्य लॅटिन मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, गेलेलं. साठच्या दशकात जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि पुढे आमची मिस्सा मराठीत आली. सगळ्यांना समजायला लागली. लितानी म्हणजे मारियेला एकेका नावाने हाक मारून केलेली विनवणी. आजी तिला उत्तर द्यायची ते मात्र शेवटपर्यंत लॅटिनमधलं 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे 'आमच्यासाठी विनंती कर'. तेही तिच्या तोंडात झिजून झिजून 'ओरापनोबी' झालेलं. मी एकदा विचारलं, "बय, याचा अर्थ काय?" म्हणाली, "जिला सांगते तिला कळतं. तुला कशाला?" हल्ली आमच्या तरुण मंडळींना इंग्रजी मिस्सा बरी वाटते आणि मराठी मिस्सेच्या बाकांवर आम्ही म्हातारे. आणि हे कुठे, तर जिथल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्ष केलं, त्या वसईत! बोलणार नव्हतो, बोलून गेलो.

तर रोजरी. जपमाळ तुमच्याही घरात असेल, तेव्हा मणी कसे ओढायचे ते सांगत बसत नाही. एकच गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. आमच्या माळेत 'नमो मारिया' ही प्रार्थना दहा-दहाच्या पाच फेऱ्यांत येते. या प्रार्थनेचे दोन तुकडे आहेत. पहिला तुकडा एकाने सांगायचा, दुसरा बाकीच्यांनी म्हणायचा. सांगणारा 'नमो मारिया' म्हणत अर्ध्यावर येऊन थांबतो, उत्तर देणारे 'पवित्र मारिया' म्हणून पुढचं उचलतात. पुन्हा सांगतो, अर्धी एकाची, अर्धी दुसऱ्याची.

ऑक्टोबर हा रोजरीचा महिना. 1883 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी सांगितलं की हा अख्खा महिना रोजरी म्हणा. 7 ऑक्टोबरला रोजरीमातेचा सण. दहाच्या प्रत्येक फेरीला येशू-मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवायचा, त्याला आम्ही रहस्य म्हणतो. आणि वारावारांची रहस्यं ठरलेली, सोमवारी आनंदाची, मंगळवारी दुःखाची, बुधवारी वैभवाची, असं. एवढं पुरे. आता मी मला जे सांगायचंय ते सांगतो.

आमच्या आळीत तेव्हा सत्तावीस घरं. ऑक्टोबरात पवित्र मारियेची एक मूर्ती घरोघर फिरायची. हातभर उंचीची, प्लास्टरची, नाकाचा टवका उडालेली. आज ज्यांच्याकडे मूर्ती, त्यांनी उद्या संध्याकाळी ती पुढच्या घरी पोचवायची. मेणबत्त्या हातात, गाणी म्हणत. पुढच्या घरची बाई उंबऱ्यावर उभी. आत टेबलावर पांढरी चादर, वाडीतली मोगऱ्याची फुलं. हल्ली विजेची लुकलुकणारी माळ लावतात आणि प्लॅस्टिकचे गुलाब खोचतात. वसईत! जिथून फुलांच्या करंड्या दादरला जातात तिथे! मग तिथे रोजरी, लितानी, आणि पोरांच्या हातावर उकडलेले चणे. खरं सांगायचं तर आम्ही चण्यांसाठीच जायचो.

आता आमचं घर आणि काकांचं घर शेजारी शेजारी. आजोबांनी बांधलेलं एकच घर, मधून भिंत घालून दोन केलेलं. अंगणातही कंबरेएवढी भिंत. मागे वाडी, वाडीत विहीर, विहीर दोघांची. पूर्वी तिच्यावर रहाट होता, रेडा फिरायचा तोवर भांडण नव्हतं. रेडा दमला की पाणी थांबायचं, दोघांचंही. मग मोटर आली. मोटर दमेना. कुणाच्या केळ्यांना आधी पाणी, बिलातला वाटा कुणाचा किती, यावरून सुरू झालं आणि 1977 पासून माझे बाबा आणि काका एकमेकांशी बोलेनासे झाले. एक शब्द नाही. आजी सकाळी आमच्याकडे जेवायची, रात्री काकांकडे. मधल्या भिंतीला वळसा घालून, काठी टेकत.

या मोटरींनी पुढे वसईच्या कितीतरी विहिरी खाऱ्या केल्या, टँकरवाल्यांनी उरलंसुरलं पाणी उपसलं, दिब्रिटो आणि हरित वसई चळवळीची माणसं रस्त्यावर आली. तो वेगळा विषय आहे, त्याला दुसरी दहा मिनिटं द्या, मी येतो.

तर रोजरीची यादी. यादी धर्मशिक्षणाच्या बाई लिहायच्या. घरं ओळीने घेतली तर आमच्यानंतर काका येणार. म्हणून बाई दरवर्षी गुपचूप एक उडी मारायच्या. आमच्याकडून मूर्ती रस्त्यापलीकडे जायची, चार घरं फिरून मागच्या बाजूने काकांकडे यायची. सगळ्या आळीला माहीत. कुणी बोलायचं नाही.

1981 च्या सप्टेंबरात आजी काठी टेकत बाईंच्या घरी गेली. म्हणाली, "यंदा घरं जशी आहेत तशी लिही." आजी कादोडी, आमची वसईकडची बोली, बोलायची, तिचं ते तोडून टाकणं मला या मराठीत आणता येत नाही, तुम्ही समजून घ्या.

तारीख मला पाठ आहे. 13 ऑक्टोबर, मंगळवार. कोजागरीच्या आसपासचा दिवस, पण चंद्र कुठला, परतीचा पाऊस भरून आलेला. आमच्याकडून मूर्ती काकांकडे न्यायची. बाबा सकाळपासून म्हणत होते, अंगात कसकस आहे. आईने कपाळाला हात लावला आणि काही न बोलता त्यांचा धुतलेला सदरा खाटेवर आणून ठेवला.

संध्याकाळी आळी जमली. त्या दिवशी जरा जास्तच जमली, का ते तुम्हाला कळलं असेल. बाबांनी मूर्ती उचलली, अंगणात आले आणि सरळ भिंतीपाशी गेले. फाटकाकडे नाही, भिंतीपाशी. मूर्ती भिंतीवर ठेवली आणि म्हणाले, "माझी हद्द संपली." कुणाला उद्देशून नाही, हवेत. पलीकडे काका त्यांच्या दारात उभे. तेही हवेतच म्हणाले, "माझ्या उंबऱ्याला आली तर घेईन." काकू पांढरी चादर पसरून आत थांबलेली. मूर्ती मधोमध, भिंतीवर. गाणं बंद. आणि पाऊस आला.

थेंब नाहीत, एकदम सर. मेणबत्त्या विझल्या. वीज गेली. आईने कंदील आणून बाबांच्या हातात दिला. मूर्तीच्या मागे आम्ही पोरांनी निळ्या क्रेप कागदाची कमान केली होती, ती भिजायला लागली. बायका म्हणाल्या, आत चला, आत चला. पण आत म्हणजे कुणाच्या आत? आजी भिंतीशी आली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "इथेच." आणि सुरू केलं. मंगळवार, दुःखाची रहस्यं. एवढ्यात काका छत्री घेऊन आले. मूर्तीवर धरायला, आमच्यावर नव्हे. भिंतीच्या या बाजूला कंदील धरून बाबा, त्या बाजूला छत्री धरून काका. मधे हातभर अंतर.

दोन रहस्यं आजीने सांगितली. तिला दमा होता. तिसऱ्याला तिने 'नमो मारिया' म्हटलं आणि खोकल्याची अशी उबळ आली की पुढचं निघेना. सगळे थांबलेले. पाऊस तेवढा चालू.

आणि काकांनी उचललं. लहानपणी त्या घरात रोजरी काका सांगायचे, ते थोरले. उत्तर द्यायचं काम बाबांचं. काकांनी पहिला तुकडा सांगितला आणि अर्ध्यावर येऊन थांबले, जिथे थांबतात तिथे. अर्धी प्रार्थना त्या पावसात तशीच उभी. मी बाबांकडे बघत होतो. कंदील हलत होता. बाबा म्हणाले, "पवित्र मारिया..."

चार वर्षांत भावाने भावाला दिलेलं ते पहिलं उत्तर. आणि श्रोतेहो, एका रहस्यात ते दहा वेळा द्यावं लागतं! पहिल्या तीन वेळा बाबा पुटपुटत होते. सातव्या-आठव्याला नेहमीचा आवाज लागला. पुढची दोन रहस्यंही काकांनीच सांगितली, आजीचा खोकला थांबला होता तरी. ती खरंच दमली होती की काय, हे मी तिला पुढे अनेकदा विचारलं. तिने सांगितलं नाही. लितानी झाली. आजी "ओरापनोबी, ओरापनोबी", आम्ही कुडकुडत.

मग बाबांनी मूर्ती बुडाशी धरली, काकांनी खांद्याशी, आणि ती भिंतीवरूनच पलीकडे गेली. आजी म्हणाली, "जपून, नाक आधीच गेलंय."

तुम्हाला वाटेल दोघे गळ्यात पडले. छे! काका मूर्ती घेऊन वळले, दोन पावलं गेले आणि न बघता म्हणाले, "उद्या सहाला मोटर लावू नकोस. माझी केळी सुकलीत." एवढ्या पावसात! बाबा म्हणाले, "साडेसहाला लावीन." संपलं संभाषण. चणे त्या रात्री दोन्ही घरी मिळाले, ते आमच्यासाठी जास्त महत्त्वाचं.

आजी आठ दिवस तापाने पडली. दोन्ही घरांतून पेज यायची, दोन्ही वाडगे ती संपवायची. क्रेप कागदाचा निळा रंग मूर्तीच्या पांढऱ्या झग्यावर उतरला होता, उजव्या बाजूला, गुडघ्यापासून खाली. पुढच्या घरच्या बाईने तक्रार केली, डाग पडलेली मूर्ती आम्हाला दिली म्हणून. चर्चमधून फादर म्हणाले, रंगाऱ्याकडे देऊ. आजी म्हणाली, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी म्हणाली, ईस्टरनंतर. ती गेली तोवर डाग होता. अंगणातली ती भिंत कुणी पाडली नाही, पण तिच्यावर पाय ठेवून ओलांडायची सवय आधी आम्हा पोरांना लागली, मग काकूला.

स्टुडिओच्या काचेपलीकडून मघापासून हात हलताहेत. कुटुंबाचं थोडंफार झालं, धर्मग्रामाचं राहिलं. आमचं वसईचं बिशपपीठ, म्हणजे एका बिशपखालचे सगळे धर्मग्राम, 1998 चं, त्याबद्दल दोन शब्द लिहून आणले होते, ते कागद इथे ठेवून जातो. नमस्कार.