आधी सॉस, मग मासा

नमस्कार! आज आपण क्रीम आणि हर्ब्जच्या सॉसबरोबर पांढरा मासा करतोय, आणि गंमत म्हणजे सुरुवात माशापासून करायची नाहीये. आधी सॉस. सॉस मंद आचेवर दहा मिनिटं निवांत थांबतो. मासा कुणासाठी थांबत नाही.

कॉड घ्या, हॅडॉक घ्या, सी बास घ्या. या माशांत चरबी अगदी कमी आणि मांसाचे पदर धरून ठेवणारं आवरण नाजूक. त्यामुळे जास्त शिजवला की आणखी मऊ होणं दूरच, आतलं पाणी निघून जातं आणि कापूस चावल्यासारखं लागतं. तर तुकड्यांना मीठ लावून बाजूला ठेवा, पंधरा मिनिटं.

तोवर छोट्या पातेल्यात चमचाभर बटर आणि अर्धा कांदा, अगदी बारीक चिरलेला. रंग येऊ द्यायचा नाही. लसणाची एक पाकळी टाका. मग 100 मिली माशाचा किंवा भाज्यांचा स्टॉक, म्हणजे ते उकळून गाळलेलं पाणी, घालून निम्मा आटवा. आता 150 मिली क्रीम. इथे जरा थांबा, डब्यावर फॅटचा आकडा वाचा. 35 टक्क्यांच्या आसपास असेल तर बिनधास्त उकळा. 20 टक्क्यांचं असेल तर नुसतं गरम ठेवा, उकळलंत तर फाटू शकतं. सॉस चमच्याच्या पाठीवर थर धरायला लागला, बोट फिरवल्यावर रेघ राहिली, की आच अगदी बारीक करा. लिंबू नाही, हर्ब्ज नाहीत. अजून नाही!

आता मासा. कागदी टॉवेलनं टिपून अगदी कोरडा करा. हे टाळू नका, प्लीज. वर पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांपुढे जात नाही आणि खरपूस रंगाला साधारण 140 तरी लागतात. ओला मासा पॅनमध्ये भाजत नाही, वाफवला जातो.

पॅन चांगलं तापवा, तेल घाला, कातडीची बाजू खाली. कातडी आक्रसते आणि तुकडा वाकतो, म्हणून उलथन्यानं थोडा वेळ दाबून धरा. मग हात मागे! चिकटलाय असं वाटलं तरी खरवडू नका. खालून खरपूस झाला की बहुतेक वेळा आपणच सुटतो. दोन सेंटिमीटर जाडीला या बाजूनं चार मिनिटं, उलटल्यावर एक-दोन. सुरीच्या टोकानं पाकळ्या सहज वेगळ्या झाल्या आणि आतला पारदर्शकपणा गेला, की उतरवा. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात 63 अंश सेल्सिअस, त्यापुढे नको.

आता सॉस गॅसवरून उतरवा. मूठभर चिरलेला शेपू, पार्स्ली, थोड्या चाईव्ह्ज आणि लिंबाचे काही थेंब. इतक्या उशिरा का? उष्णता आणि आंबट, दोन्हींनी पानांचा हिरवा रंग मळकट होतो आणि वास उडून जातो. थाइम किंवा रोझमेरी वापरणार असाल तर मात्र ती कांद्याबरोबरच टाका; कडक पानांना वेळ हवा.

वाढताना सॉस खाली, मासा वर, कातडी वरच्या बाजूला. बरेच जण वरून सॉस ओततात. मग ती कातडी कुरकुरीत करायला एवढी मेहनत कशाला घेतली?