दम पुढे, नडगी मागे

(पहाट. अमळनेर–चोपडा रस्ता. अंधारात मोबाइलच्या टॉर्चचे हलते ठिपके.)

पाच वाजलेत. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस उभा आहे आणि मधून पोरं पळताहेत. काहींच्या पायात बूट आहेत, काही अनवाणीच. मागून मोटारसायकलवर सोबत आलेला एकाचा मोठा भाऊ ओरडतो, "धीरे पय रे भो, आजून लांब जानं शे!" त्याचं कुणी ऐकत नाही.

खान्देशात कॉलेजच्या पोरांचा व्यायाम म्हटला की बहुतेकांना हेच आठवतं, भरतीची तयारी. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. जाहिरात निघाली की रस्ते भरतात, चाचणी झाली की ओस पडतात. आणि दर वेळी, पळायला लागून तीन-चार आठवडे झाले की त्यातले काही जण लंगडायला लागतात.

(एक मुलगा रस्त्याकडेच्या मोरीवर बसून नडगी चोळतो आहे.)

हा बारावीत आहे. पहिल्या आठवड्यात दोन किलोमीटरला धाप लागायची. आता चार सहज होतात, म्हणून त्याने थेट सहा धरले. दम त्याचा खरंच वाढला आहे. नियमित पळायला लागलं की शरीरातलं रक्तातलं पाणी थोड्याच दिवसांत वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, स्नायू ऑक्सिजन जास्त चांगला वापरतात. हा बदल दोन-तीन आठवड्यांत पळणाऱ्याला स्वतःलाच जाणवतो. पण हाडाचा हिशेब वेगळा. ताण पडला की हाड आधी थोडं झिजतं आणि मग नव्याने भरून येतं. या फेऱ्याला आठवडे नाही, महिने लागतात. स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरेही असेच सावकाश घट्ट होतात. म्हणजे छाती म्हणते चल, आणि नडगी अजून तयारच नसते. डांबरी रस्ता, झिजलेले बूट आणि अचानक वाढवलेलं अंतर एकत्र आलं की दुखणं ठरलेलं.

ते ओळखायची एक साधी रीत आहे. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत न्या. चार-पाच बोटं लांबीभर दुखत असेल आणि पळायला लागल्यावर कमी होत असेल, तर अंतर निम्मं करा, काही दिवस मातीच्या मैदानावर या. पण दुखणं एकाच ठिपक्यावर असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. अशा पायाला तेल लावून पुन्हा पळायला जाणं हा शूरपणा महागात पडतो.

आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवू नये, असं मैदानावरचे जाणते सांगतात. आकडा अंदाजाचा आहे, पण अंदाज शहाणपणाचा आहे. अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्याने एक मिनिट पळावं, दोन मिनिटं चालावं, असं वीस मिनिटं, एक दिवसाआड. पळताना शेजारच्याशी एखादं वाक्य बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर वेग कमी आहे, दोन शब्दही फुटत नसतील तर जास्त. आणि रस्त्यावर पळायचंच असेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं. कानात इयरफोन घालून अंधारात पळणाऱ्यांना काय म्हणावं ते आम्हाला सुचत नाही.

(शाळेचं मैदान. चुन्याने आखलेल्या रेषा.)

पळणं हा तंदुरुस्तीचा एक भाग झाला. खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत चौथीपासून बारावीपर्यंतच्या मुलांचं काय काय बघतात, ते पाहिलं की बाकीचे भाग आपोआप कळतात. ६०० मीटर धावणं किंवा चालणं म्हणजे दमसास. ५० मीटर म्हणजे वेग. पुशअप्समध्ये हात-खांद्यांची ताकद, उताणं पडून अर्धं उठण्यात पोटाचे स्नायू. पाय लांब करून बसायचं आणि पुढे वाकून बोटं कुठवर पोहोचतात ते मोजायचं, ती लवचीकता. त्याशिवाय उंची आणि वजन. भरतीसाठी पळणाऱ्या कितीतरी पोरांची बोटं पायाच्या घोट्यापाशीच थांबतात, कारण पळून पळून मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला हिशेब असा: ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं श्वास वाढेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारी. अठरा ओलांडली की आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि २ दिवस ताकदीचा. हे ६० मिनिटं एका दमात करायचे नाहीत. शाळेपर्यंतची सायकल, मधल्या सुट्टीतली लंगडी, संध्याकाळचा खो-खो, सगळं धरायचं. कबड्डीची चढाई ३० सेकंदांची असते. त्या ३० सेकंदांत झेप, वळण, पकड सोडवणं आणि श्वास, सगळ्यांची परीक्षा होते. एवढं पैसे भरून जिममध्येही मिळत नाही.

(कापसाची वेचणी. कमरेला ओटी बांधलेली मुलगी.)

इथे गावातली माणसं विचारतात, आमची लेकरं शेतात राबतात, त्यांना आणखी व्यायाम कशाला? प्रश्न रास्त आहे. दिवाळीच्या सुट्टीत ही मुलगी दिवसभर कापूस वेचते. कष्ट आहेतच. पण कंबर तासन्‌तास एकाच कोनात वाकलेली, बोटं सतत चालू, आणि श्वास मात्र फारसा वाढत नाही. पाठ थकते, हृदयाला काम पडत नाही. तिला संध्याकाळी आणखी घाम गाळायला सांगणं निर्दयपणाचं ठरेल. तिला हवेत ते पाठ उलट्या बाजूला ताणणारे पाच-दहा मिनिटांचे प्रकार: भुजंगासन, पालथं पडून हात-पाय उचलणं, भिंतीला पाठ लावून हात वर सरकवणं. आणि सुट्टी संपल्यावर मैदान.

मैदानाचं मात्र मुलींसाठी सोपं नाही. मुलं अंधारात रस्त्यावर पळू शकतात, मुलींना घरून सहसा परवानगी मिळत नाही. म्हणून ज्या शाळा सकाळी तासभर आधी फाटक उघडतात, त्यांचं मोल कुठल्याही साहित्यापेक्षा जास्त आहे. जमिनीवर पुशअप जमत नसेल तर ओट्यावर हात टेकून करा. तेही सोपं झालं की बाकावर, मग पायरीवर, शेवटी जमिनीवर. ताकद अशीच एकेक पायरी उतरत येते.

(तालीम. लाल माती.)

जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हापासून इकडच्या पोरांना लाल मातीचं वेड थोडं जास्तच आहे. चांगलंच आहे. दंड-बैठकांना साहित्य लागत नाही, जागा लागते चटईएवढी. फक्त एक उणीव. दंडात ढकलणं आहे, बैठकीत मांड्या आहेत, पण ओढणं कुठेच नाही. त्यासाठी दोर चढा, नाहीतर निंबाच्या मजबूत फांदीला लोंबकळा. सुरुवातीला वीस सेकंद लोंबकळलं तरी पुष्कळ.

(मे महिना. जळगाव. रिकामा रस्ता, पांढरं ऊन.)

इथला उन्हाळा सगळ्या वेळापत्रकांना पुरून उरतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. हवा कोरडी, त्यामुळे घाम आल्याबरोबर उडून जातो आणि अंगातलं किती पाणी गेलं ते कळतच नाही. लघवीचा रंग बघा. गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. उन्हाची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांत लागते, तोवर निम्माच व्यायाम, तोही सूर्य वर यायच्या आत. चक्कर, मळमळ, डोकेदुखी आली की थांबायचं, सावलीत यायचं, पाणी किंवा ओआरएस घ्यायचं. पळणारा असंबद्ध बोलायला लागला तर मात्र उष्माघात समजायचा. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी १०८ ला फोन लावा.

खाण्याबद्दल फार सांगायला नको. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, उडदाची डाळ, मूठभर शेंगदाणे, दही. रावेर-यावलच्या पोरांना केळी काय, दारातच. पळून आल्यावर दोन केळी आणि पाणी, बस्स. पावडरचे महागडे डबे विकणारा आधी हे सांगत नाही. झोपेचं मात्र सांगावं लागेल: तेरा ते अठरा वर्षांच्या शरीराला ८ ते १० तास लागतात. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला मैदान, यात ताकद वाढत नाही, दुखणी वाढतात.

(वहीचं पान. पेनने आखलेला तक्ता.)

आज सुरुवात करायची असेल तर वहीत पाच गोष्टी लिहा. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीची नाडी: मनगटावर अंगठ्याच्या खाली दोन बोटं ठेवा, ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. ६०० मीटरची वेळ. न थांबता होणारे पुशअप्स, आणि ते कशावर हात टेकून केले तेही. ३० सेकंदांत अर्धं उठून किती वेळा झालं. वाकल्यावर बोटं कुठवर गेली. सहा आठवड्यांनी त्याच मैदानावर, त्याच वेळेला पुन्हा मोजा. नाडीचा आकडा चार-पाचने उतरला असेल आणि नडगी दुखत नसेल, तर अंतर वाढवायला हरकत नाही.