हाँगकाँगच्या घरातली परदेशी बाई

घरकामाला परदेशी गेलेल्या बायकांचा विषय निघाला की आपल्याला छळाच्या बातम्या आठवतात. हाँगकाँगमध्ये एका इंडोनेशियन तरुणीला मारहाण झाली, २०१४मध्ये ती बातमी जगभर गेली, पुढच्या वर्षी मालकिणीला सहा वर्षांची कैदही झाली. आपण हळहळतो आणि ‘काय नग असतात एकेक’ म्हणून पान उलटतो. मला आज बोलायचंय ते मालकीण भली असली तरी बाईला दबून राहायला लावणाऱ्या नियमांबद्दल.

हाँगकाँगमध्ये तीन लाखांहून जास्त परदेशी घरकामगार आहेत. बहुतेक जणी फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या. दोन वर्षांचा छापील करार, एकच मालक. कामगाराचा व्हिसा मालकाच्या मुठीत ठेवणाऱ्या आखातातल्या कफाला पद्धतीशी तुलना केली तर हे शहर बरंच म्हणायचं. आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळते, युनियन काढता येते. एजंटाने पहिल्या पगाराच्या दहा टक्क्यांहून जास्त दलाली घ्यायची नाही, असाही नियम आहे. आता मायदेशातच ‘ट्रेनिंग’च्या नावाखाली पैसे उकळले जातात आणि कितीतरी जणी डोक्यावर कर्ज घेऊनच विमानात बसतात, ते सोडा.

पहिला नियम १९८७चा. करार मुदतीआधी तुटला, कोणीही तोडला, तरी १४ दिवसांत शहर सोडायचं. नव्या घरी काम मिळालं तरी नव्या व्हिसाला काही आठवडे लागतात. मालक वारला, परदेशी निघाला किंवा छळाचा पुरावा असला तर सूट मिळू शकते. पण पुरावा आणायचा कुठून? चार भिंतींच्या आत साक्षीदार कोण? म्हणजे परत मायदेशी, परत एजंट, परत उधारी. पगारावर गावाकडची शाळेची फी अवलंबून असलेली बाई मग तोंड उघडण्याआधी दहादा विचार करते.

दुसरा नियम असा, की मालकाच्या घरीच राहायचं. २००३पासून ही सक्ती आहे. खोली योग्य हवी, थोडाफार आडोसा हवा, असं करारात लिहिलंय. पण तिथली घरं आपल्या मुंबईसारखीच चिमुकली. कुणी मुलांच्या खोलीत झोपते, कुणी म्हाताऱ्या आजींच्या. रात्री आजी उठल्या की हिनेही उठायचं. आणि ते काम धरायचं की झोप?

इथली गंमत ऐका. २०११मध्ये हाँगकाँगने तासाच्या हिशेबाने किमान वेतन लागू केलं आणि मालकाच्या घरी राहणाऱ्या घरकामगारांना त्यातून वगळलं. एक कारण हे दिलं, की घरातच राहणाऱ्या माणसाचे कामाचे तास मोजता येत नाहीत. राहायला लावणार तुम्हीच, आणि मग तास मोजता येत नाहीत म्हणणारही तुम्हीच! त्यांचा किमान पगार वेगळा ठरतो. सप्टेंबर २०२४मध्ये तो महिन्याला ४,९९० हाँगकाँग डॉलर झाला. दिवसाला किती तास राबायचं, याला मर्यादा नाही.

म्हणून सुट्टीच्या रविवारकडे नीट बघायला हवं. शहराच्या सेंट्रल भागात बँकांच्या इमारतींखाली फिलिपिनो बायका पुठ्ठे अंथरून बसतात, व्हिक्टोरिया पार्कात इंडोनेशियन. पत्ते, नखं रंगवणं, घरी व्हिडिओ कॉल, मधेच युनियनची सभा. पर्यटक फोटो काढतात. रस्त्यात बसतात म्हणून कुरकुर करणारेही आहेत. पण ज्या बाईला आठवडाभर स्वतःचं दार लावून घेता येत नाही, तिने जायचं तरी कुठे? मन मोकळं करायला, वकिलाचा नंबर मिळवायला, ‘तुझा पगार कापला तो बेकायदा आहे’ हे कळायला तिला हाच एक दिवस असतो.

घरी राहण्याच्या सक्तीविरुद्ध एक फिलिपिनो घरकामगार कोर्टात गेली. २०१८मध्ये ती हरली. निकालात म्हटलं होतं, की अट पटत नसेल तर नोकरी सोडायला तिला मुभा आहेच. सोडली, की १४ दिवस सुरू! अपिलातही २०२०मध्ये सक्ती कायम राहिली.